अमेरिकेत फुल-टाइम फिरायचंय: मोटरहोम घ्यावं की फिफ्थ व्हील?

मुलं कॉलेजला गेली, रिटायरमेंट जवळ आली, आता एवढं मोठं घर कुणासाठी ठेवायचं असा विषय निघाला की हल्ली इकडच्या बऱ्याच मराठी जोडप्यांच्या डोक्यात हा किडा वळवळायला लागतो, की घर विकू या आणि दोन-तीन वर्षं चाकावरच्या घरात राहून सगळी अमेरिका बघू या. मग यूट्यूब सुरू होतं आणि महिन्याभरात माणूस आधी होता त्यापेक्षा जास्त गोंधळतो, कारण मोटरहोमवाला सांगतो फिफ्थ व्हील म्हणजे नुसती डोकेदुखी आणि फिफ्थ व्हीलवाला सांगतो मोटरहोम म्हणजे पैशाचा चुराडा. दोघंही आपापल्या परीने खरंच बोलत असतात, फक्त दोघांची फिरायची पद्धत वेगळी असते आणि ते कोणी सांगत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो: एका ठिकाणी तुम्ही किती दिवस मुक्काम करणार यावर निम्म्याहून जास्त निर्णय होतो, उरलेला वजनाच्या आकड्यांवर. सोफा कसला, फायरप्लेस आहे का, टीव्ही केवढा हे सगळं त्यानंतर.

ज्यांना अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. मोटरहोम म्हणजे इंजिन आणि घर एकाच गाडीत. त्यात क्लास ए म्हणजे बससारखं तोंड असलेलं मोठं, क्लास बी म्हणजे व्हॅन, आणि क्लास सी म्हणजे ट्रकसारखी केबिन आणि तिच्या डोक्यावर पुढे आलेला बेड. फिफ्थ व्हीलला इंजिन नसतं, त्याचा पुढचा उंच भाग पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवलेल्या हिचवर, म्हणजे जोडणीच्या यंत्रावर, टेकतो. भार ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलवर येतो म्हणून बंपरला जोडलेल्या साध्या ट्रेलरपेक्षा हे रस्त्यावर फार कमी डुलतं, आणि म्हणूनच कायमचे फिरणारे लोक साधा ट्रेलर सोडून इकडे वळतात.

गाडी बघायच्या आधी कागद बघा

हे कंटाळवाणं आहे पण आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही एच-वन-बी वर असाल आणि लॅपटॉप घेऊन फिरत फिरत काम करू असा प्लॅन असेल तर तिथेच थांबा. एच-वन-बी मध्ये कामाची जागा लेबर कंडिशन अ‍ॅप्लिकेशनला बांधलेली असते, त्या मेट्रो एरियाच्या बाहेर कामाची जागा हलवली तर कंपनीला अमेंडेड पिटिशन टाकावं लागतं, आणि दर पंधरा दिवसांनी राज्य बदलणाऱ्या माणसासाठी कुठलीच कंपनी ते करणार नाही. सुट्टी घेऊन फिरा, बिनधास्त फिरा, पण फुल-टाइम नाही. ग्रीन कार्डवाल्यांना तसं बंधन नाही, मात्र पत्ता बदलला की १० दिवसांत एआर-११ हा पत्ता बदलल्याचा फॉर्म भरायचा नियम त्यांनाही आहेच.

पत्त्याचं काय करायचं? फुल-टाइम फिरणारे बहुतेक लोक साउथ डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडा यातलं एक राज्य आपलं म्हणून निवडतात. तिन्ही ठिकाणी स्टेट इन्कम टॅक्स नाही आणि टपाल पुढे पाठवणाऱ्या सर्व्हिसेस आहेत, एस्केपीज नावाचा जुना आरव्ही (म्हणजे चाकावरच्या घरांचा) क्लब तर टेक्सासमधल्या लिव्हिंगस्टनहून हेच काम करतो. ६५ च्या आत असाल तर हेल्थ इन्शुरन्स मात्र आधी तपासा, कारण मार्केटप्लेसचा प्लॅन त्या राज्याचा असतो आणि त्याचं नेटवर्क बऱ्याचदा त्या भागापुरतंच. ओरिजिनल मेडिकेअरवाले यात सुटतात.

लायसन्सचं राज्याराज्यात वेगळं आहे. (इथले क्लास ए, बी हे लायसन्सचे, वरचे गाड्यांचे नव्हेत.) टेक्सासमध्ये २६,००० पाउंडाच्या वरच्या मोटरहोमला नॉन-कमर्शियल क्लास बी लागतं. कॅलिफोर्नियात १५,००० पाउंडाच्या वर जीव्हीडब्ल्यूआर (म्हणजे सामानासकट जास्तीत जास्त परवानगी असलेलं वजन) असलेल्या फिफ्थ व्हीलला नॉन-कमर्शियल क्लास ए आणि ४० फुटांपेक्षा लांब मोटरहोमला नॉन-कमर्शियल क्लास बी. फ्लोरिडात साधं लायसन्स चालतं. म्हणजे राज्य आधी ठरवा, मग गाडीचा साइज.

मग नकाशा काढा आणि मुक्काम मोजा

नवरा-बायको दोघांनी वेगवेगळं बसून पहिल्या सहा महिन्यांचा रूट लिहायचा, प्रत्येक जागेपुढे किती रात्री ते लिहायचं आणि मग दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. हसू नका, यात भांडण होतंच, पण ते डीलरच्या ऑफिसमध्ये होण्यापेक्षा घरी झालेलं बरं. यादीत दोन-तीन रात्रीचे मुक्काम जास्त असतील तर मोटरहोम, दोन आठवडे ते महिनाभराचे जास्त असतील तर फिफ्थ व्हील.

का? मोटरहोममध्ये मुक्कामाला पोचलं की बटन दाबून लेव्हल करा, स्लाइड (म्हणजे बाहेर सरकणारा खोलीचा भाग) बाहेर काढा, वीज-पाणी जोडा, झालं. पाऊस पडत असेल तर वीज-पाणी सकाळी जोडा, ड्रायव्हर सीटवरून उठून थेट चहा टाकता येतो. फिफ्थ व्हीलमध्ये मागे घेणं, चाकांना ओट लावणं, अनहिच करणं म्हणजे ट्रकपासून सोडवणं, लेव्हल करणं हे सगळं बाहेर उभं राहून आणि निघताना तेच सगळं उलट्या क्रमाने. महिन्यातून दोनदा असेल तर काही वाटत नाही, दर तिसऱ्या दिवशी असेल तर नको होतं.

पण एकदा स्थिरावलं की फिफ्थ व्हीलसारखं घर नाही. छत उंच, बेडरूम वर वेगळी, समोरासमोर स्लाइड उघडल्या की हॉल अपार्टमेंटएवढा होतो, आणि तितक्याच लांबीच्या मोटरहोममध्ये ड्रायव्हिंगची जागा, इंजिन यात बरीच लांबी जाते. शिवाय ट्रक मोकळा होतो, भाजी आणायला, ट्रेलहेडला जायला गाडी तयार. मोटरहोमवाल्यांना त्यासाठी मागे एक छोटी गाडी ओढत न्यावी लागते, तिला इकडे टोड म्हणतात. जीप रँग्लर त्यासाठी लाडकी कारण ती चारही चाकांवर ओढता येते, २०१४ पर्यंतच्या होंडा सीआर-व्ही पण चालतात. सगळ्या गाड्या अशा ओढता येत नाहीत, ओनर्स मॅन्युअल बघितल्याशिवाय तुमची कॅमरी मागे बांधायच्या भानगडीत पडू नका, ट्रान्समिशन जाईल. आणि टोड जोडलेला असताना मोटरहोम रिव्हर्स घेता येत नाही, चुकीच्या पेट्रोल पंपात शिरलात की बायको खाली उतरणार, गाडी सोडवणार, मागचे लोक हॉर्न मारणार.

ट्रक मोकळा होतो हे पण सरसकट खरं नाही. ग्लेशियर नॅशनल पार्कच्या गोइंग-टू-द-सन रोडवर अ‍ॅव्हेलांच ते रायझिंग सन या टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब किंवा आरशांसकट ८ फुटांपेक्षा रुंद गाडीला बंदी आहे. मोठं फिफ्थ व्हील ओढायला जो क्रू कॅब (चार दारांचा), ८ फुटी हौद्याचा ड्युअली (मागे चार चाकांचा) ट्रक लागतो तो साधारण २२ फूट लांब असतो! म्हणजे घर कॅम्पग्राउंडला सोडून नुसता ट्रक घेऊन गेलात तरी त्या रस्त्यावर जाता येत नाही, आणि टोडवाला जीप घेऊन मजेत जातो. नॅशनल पार्क हाच मुख्य कार्यक्रम असेल तर हे फार जड पडतं, कारण तिथली कॅम्पग्राउंडं जुनी आहेत, बऱ्याच साइट्स छोट्या गाड्यांच्या हिशोबाने बांधलेल्या, आणि ४० फुटी काहीही घेतलं की पार्कच्या आत जागा मिळणं अवघड होतं.

वजनाचं गणित, इथे घाई नको

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात आणि सेल्समन इथेच सगळ्यात गोड बोलतो. "तुमचा ट्रक हे सहज ओढेल" हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. ओढणं वेगळं, पेलणं वेगळं. ब्रोशरमध्ये टोइंग कपॅसिटी मोठ्या अक्षरात असते, पण फिफ्थ व्हीलमध्ये आधी संपतो तो पेलोड, म्हणजे ट्रक स्वतःच्या अंगावर पेलू शकतो ते वजन.

ड्रायव्हरचं दार उघडा, तिथे खांबावर एक पिवळा-पांढरा स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून एवढ्या पाउंडापेक्षा जास्त नको असं लिहिलेलं. तोच त्या ट्रकचा खरा पेलोड, वेबसाइटवरचा नाही, कारण त्याच मॉडेलच्या दोन ट्रकांत फीचर्सप्रमाणे शेकडो पाउंडांचा फरक पडतो.

आता उदाहरण घेऊ. फिफ्थ व्हीलचा जीव्हीडब्ल्यूआर १६,००० पाउंड. हिशोब नेहमी जीव्हीडब्ल्यूआरवर करायचा, रिकाम्या वजनावर नाही, कारण फुल-टाइम राहणाऱ्याचं घर कधीच रिकामं नसतं. किंगपिन म्हणजे हिचमध्ये अडकणारी ट्रेलरची जाड पिन, तिच्यातून ट्रकवर साधारण २० ते २५ टक्के वजन येतं, आपण २२ धरू, म्हणजे ३,५२० पाउंड. हिच स्वतः १८०. तुम्ही दोघं ३२०. हौद्यात अवजारं, छोटा जनरेटर वगैरे २००. बेरीज झाली ४,२२०. पाऊण टनी म्हणजे २५० किंवा २५०० च्या डिझेल ट्रकचा स्टिकर बऱ्याचदा २,००० ते ३,००० च्या मध्ये असतो, तो इथेच बाद. एक टनी, सिंगल मागचं चाक, तो काठावर. ड्युअली निवांत. म्हणून क्रम असा: आधी फिफ्थ व्हील ठरवा, मग त्याला पेलणारा ट्रक घ्या. आधीच ट्रक दारात उभा असेल तर उलट, त्याच्या स्टिकरवरून घर शोधा आणि मोठ्या घरांकडे बघू पण नका.

हौद्याची लांबी पण बघा. साडेसहा फुटी किंवा त्याहून छोटा असेल तर कडक वळणात ट्रेलरचा कोपरा ट्रकच्या मागच्या काचेत घुसू शकतो, मग वळताना मागे सरकवता येणारा स्लायडर हिच लागतो.

मोटरहोममध्ये वजनाचं टेन्शन नाही असं समजू नका, तिथे प्रश्न वेगळा. आत एक स्टिकर असतो, माणसं आणि सामानाची क्षमता सांगणारा. क्लास सी मध्ये तो आकडा कधीकधी इतका कमी असतो की फुल-टाइम राहणं शक्यच नाही. पाण्याचा गॅलन ८.३ पाउंडाचा, ५० गॅलनची टाकी भरली की ४१५ पाउंड गेले. दोन माणसं धरा. मग डाळ-तांदूळ, पीठ, कुकर, मिक्सर, लोखंडी तवा, कपडे, पुस्तकं. आपल्या स्वयंपाकघराचं वजन इतरांपेक्षा जास्तच असतं. टोड ओढायची मर्यादा पण चॅसिसप्रमाणे बदलते, चार दाराची जीप ४,००० पाउंडांच्या वर जाते हे लक्षात ठेवून हिचचं रेटिंग तपासा.

गाडी घेतल्यावर सामान भरून, टाक्या भरून कॅट स्केलवर न्यायची, हे काटे हायवेवरच्या बहुतेक मोठ्या ट्रक स्टॉपवर असतात. एकदा फिफ्थ व्हीलसकट, एकदा नुसता ट्रक. दोन्ही वेळच्या ट्रकच्या वजनातला फरक म्हणजे तुमचं खरं पिन वेट. हे कागदावरच्या टक्केवारीपेक्षा शंभर पटीने उपयोगी.

कोण कोण राहणार, आणि काय शिजणार

भारतातून आई-बाबा येऊन महिना-दोन महिने राहणार असतील तर पायऱ्या मोजा. फिफ्थ व्हीलला बाहेर तीन-चार आणि आत बेडरूम-बाथरूमकडे जायला आणखी दोन-तीन असतात, गुडघे दुखणाऱ्या माणसाला रात्री तिथे चढउतार म्हणजे शिक्षा. मोटरहोम आतून एका पातळीवर असतं. प्रवासात बाथरूम लागलं की रेस्ट एरियात थांबून मागे जायचं, बाहेर पडायची गरज नाही, हा ज्येष्ठांसाठी मोठा आराम.

लहान मुलं असतील तर मात्र पारडं ट्रककडे झुकतं. ट्रकच्या मागच्या सीटवर कार सीट नीट बसते, मोटरहोमच्या डायनेटला (जेवणाच्या टेबलाच्या बैठकीला) बेल्ट असला तरी ती जागा बऱ्याचदा आडवी तोंड करून असते आणि तिथे कार सीट लावू नये.

एक चाचणी दोन्हीसाठी: डीलरकडे सगळ्या स्लाइड आत घ्यायला लावा आणि मग आत शिरा. फ्रिज उघडतो का? बाथरूमपर्यंत जाता येतं का? बेडवर आडवं होता येतं का? काही मॉडेल्समध्ये स्लाइड बंद केली की घराचे दोन तुकडे होतात आणि हायवेवर दुपारी डबा काढायचा म्हटलं तरी स्लाइड उघडावी लागते.

स्वयंपाकाचं बोलू. ३० अ‍ॅम्पचं कनेक्शन म्हणजे ३,६०० वॉट, ५० अ‍ॅम्पचं म्हणजे १२,००० वॉट, नावावरून वाटतं तेवढा छोटा फरक नाही. एसी, १,८०० वॉटचं इंडक्शन आणि गीझर एकदम चालवायचे म्हटले तर ३० अ‍ॅम्पवर ब्रेकर पडणारच. मोठ्या फिफ्थ व्हील आणि डिझेल क्लास ए मध्ये ५० अ‍ॅम्प असतंच, क्लास सी मध्ये बऱ्याचदा ३०. फोडणीचा वास पडद्यात आणि सोफ्यात महिनाभर राहतो, त्यामुळे चांगला रूफ फॅन असलेलं घर घ्या आणि मासे तळायचे असतील तर इंडक्शन बाहेर टेबलावर. प्रेशर कुकर घ्याच, कोलोरॅडोत उंचावर साध्या भांड्यात डाळ शिजता शिजत नाही.

टाक्यांबद्दल कोणी मोकळेपणाने बोलत नाही म्हणून मी बोलतो. संडासच्या ब्लॅक टँकमध्ये पाणी कमी पडलं की घट्ट ढीग साचतो आणि मग निघता निघत नाही, म्हणून आपली पाण्याने धुवायची सवय इथे उलट फायद्याची. फक्त वीज-पाणी नसलेल्या जागी राहिलात तर ती टाकी लवकर भरते. भांडी घासण्याचं पाणी जिथे जातं तो ग्रे टँक मात्र आपल्याकडे सगळ्यात आधी भरतो, त्यामुळे ग्रे टँकचा आकडा विचारून घ्या आणि कढईतलं तेल आधी कागदाने पुसा.

पैसे: दोन्हीकडे पूर्ण बेरीज करा

लोक क्लास ए ची किंमत आणि फिफ्थ व्हीलची किंमत शेजारी ठेवतात आणि फिफ्थ व्हील स्वस्त म्हणून खूश होतात, ट्रक विसरतात. नवं फुल-टाइम राहण्याजोगं फिफ्थ व्हील ढोबळमानाने ७० हजार ते सव्वा लाख डॉलर, त्यावर नवा एक टनी डिझेल ट्रक ७५ हजार ते लाख. दुसरीकडे नवं पेट्रोल क्लास ए दीड ते अडीच लाख आणि वर टोड, डिझेल पुशर, म्हणजे मागे डिझेल इंजिन असलेलं क्लास ए, तर तीन लाखांच्या पुढे कुठेही. म्हणजे पेट्रोल क्लास ए आणि चांगलं फिफ्थ व्हील अधिक ट्रक हे अंतर वाटतं तितकं मोठं नाही. डिझेल पुशरची गोष्ट वेगळी, तो चालवायला स्वर्ग आणि सर्व्हिसिंगला नरक, सहा टायर आणि एकेक ५०० डॉलरच्या वर.

मायलेजमध्ये फार फरक धरू नका, सगळे गॅलनला ७ ते १० मैलांच्या आसपास फिरतात. खरा फरक बिघाडात. मोटरहोमचं इंजिन गेलं की घरच वर्कशॉपमध्ये जातं आणि तुम्ही हॉटेलमध्ये, पार्ट यायला तीन आठवडे लागले तर तीन आठवडे. ट्रक बिघडला तर ट्रक जातो, घर साइटवर राहतं. आणि दहा वर्षांनी घर जुनं झालं तर फक्त घर बदलता येतं.

भारतात जायचं असतं हेही धरा. डिसेंबर ते फेब्रुवारी पुण्याला जाणार आणि गाडी न्यू जर्सीत स्टोरेजला ठेवणार असाल तर पाइपमध्ये गुलाबी अँटिफ्रीझ घालून विंटराइज करावंच लागतं, दोन्हीला. पण मोटरहोममध्ये वरून इंजिन, जनरेटर, दोन प्रकारच्या बॅटऱ्या असतात आणि जनरेटरला महिन्यातून एकदा लोड देऊन चालवायचं असतं, ते तुमच्या मागे कोण करणार?

इन्शुरन्स घेताना फुल-टाइमर पॉलिसी असं स्पष्ट सांगा. वॉरंटीचा कागद पण नीट वाचा, बऱ्याच कंपन्यांच्या वॉरंटीत कायम राहण्यासाठी वापर केला तर कव्हर नाही असं बारीक अक्षरात असतं.

घ्यायच्या आधी राहून बघा

क्लास सी भाड्याने मिळणं अगदी सोपं आहे. फिफ्थ व्हील भाड्याने घेऊन ओढता येणं कठीण, पण आउटडोर्सी किंवा आरव्हीशेअरवर कॅम्पग्राउंडवर आणून ठेवणारे मालक सापडतात. आठवडाभर दोन्हीत राहा, आणि सुट्टीसारखं नाही, घरासारखं: कपडे धुवा, रोज पोळ्या करा, झूमवर बोला, पावसात दार बंद करून बसा. सप्टेंबरमध्ये पेन्सिल्व्हेनियात हर्शीला मोठा आरव्ही शो भरतो, ईस्ट कोस्टवाल्यांनी एक दिवस तिथे घालवला तर पन्नास डीलर फिरायचे वाचतात. चेकबुक घरी ठेवून जा.

उंचीचा अंदाज पण आधीच घ्या. मोठी मोटरहोम आणि फिफ्थ व्हील १२ ते साडेतेरा फूट उंच असतात, आणि गूगल मॅप्सला ते माहीत नसतं. नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहमचा ११ फूट ८ इंचाचा रेल्वे पूल तर ट्रकांची छतं सोलण्यासाठी प्रसिद्ध होता, २०१९ मध्ये तो १२ फूट ४ इंच केला, तरी बरीच फिफ्थ व्हील्स त्याखालून जाणार नाहीत. न्यूयॉर्कच्या पार्कवे तर ट्रेलर आणि मोटरहोमला बंदच. आरव्हीचा जीपीएस घ्या आणि आपली उंची एसीसकट टेपने मोजून डॅशबोर्डवर चिकटवा.

शेवटी जुनं घ्या की नवं? मी दोन-चार वर्षं जुनं म्हणेन, पहिल्या मालकाने घसारा सोसलेला असतो आणि सुरुवातीच्या खोड्या पण काढलेल्या असतात. सर्टिफाइड इन्स्पेक्टर स्वतःच्या पैशाने आणा, डीलरचा नको. छताचे सांधे, स्लाइडचे कोपरे, खिडक्यांखालची भिंत दाबून बघायची, फुगलेली किंवा मऊ लागली की पाणी शिरलंय, सोडून द्या कितीही स्वस्त असलं तरी. टायरवरचा डीओटी कोड बघा, शेवटचे चार अंक म्हणजे आठवडा आणि वर्ष, सहा-सात वर्षं जुने असतील तर नवे टायर किमतीतून वजा करा.

फिफ्थ व्हील घेतलंत तर हिच लावताना एक गोष्ट कधीच टाळू नका. किंगपिनभोवती हिचचा जबडा बंद झालाय का टॉर्चने बघा, विजेची केबल आणि ब्रेकअवे (ट्रेलर सुटला तर त्याचा ब्रेक लावणारी तार) जोडा, पुढचे पाय जमिनीला जेमतेम टेकलेले असतानाच ट्रेलरचा ब्रेक हाताने दाबून ट्रक हळूच पुढे ओढा. पिन निसटणारच असेल तर तेव्हा निसटेल आणि घर पायांवर उभं राहील, हौद्याच्या काठावर आपटणार नाही. त्यानंतरच पाय पूर्ण वर घ्या. पहिले तीन-चार आठवडे जिथून घेतलं तिथून शंभरेक मैलांच्या आतच फिरा, गळणारा नळ, न उघडणारी स्लाइड, न चालणारा एसी सगळं याच काळात बाहेर येतं, यादी करत राहा आणि एकदाच परत नेऊन दुरुस्त करून घ्या, मग पश्चिमेकडे निघा.